गिटारच्या अंगावरचे दागिने

आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात दर वर्षी चार कविता पावसावर, दोन ‘तिच्या’वर आणि एक लेख मेसच्या जेवणावर असतोच. या वर्षी संपादक मंडळातल्या एका सिनियरने मला कॉरिडॉरमध्ये अडवून फर्मान काढलं, "काहीतरी टेक्निकल दे, पण मराठीत." मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. ‘जडावकाम’ हा शब्द मला आईला फोन करून विचारावा लागला. त्यामुळे लेखात इंग्रजी शब्द डोकावतील, तेवढं चालवून घ्या. विषय मात्र माझ्या अगदी आवडीचा आहे. जुन्या आर्चटॉप गिटारवरची नक्षी कशी बदलत गेली, आणि का.

आधी आर्चटॉप म्हणजे काय ते बघू. हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी गिटार असते आणि ती बहुतेक वेळा फ्लॅटटॉप असते. म्हणजे पुढची पाटी सपाट, मध्ये गोल भोक, आणि तारा थेट पाटीवर चिकटवलेल्या ब्रिजमध्ये अडकवलेल्या. आर्चटॉपची पुढची पाटी व्हायोलिनसारखी फुगीर असते. चांगल्या गिटारमध्ये ती स्प्रूसच्या जाड फळीतून कोरून काढतात. मागची बाजू मेपलची. गोल भोकाऐवजी दोन बाजूंना इंग्रजी ‘एफ’च्या आकाराच्या दोन फटी, त्यांना एफ-होल म्हणतात. तारा ब्रिजवर नुसत्या टेकतात आणि पुढे जाऊन टेलपीस नावाच्या धातूच्या पट्टीला अडकतात. टेलपीस गिटारच्या बुडाला स्क्रूने बसवलेला असतो. आता मेकॅनिक्सचा पहिला पेपर आठवा. फ्लॅटटॉपमध्ये तारांचा ताण ब्रिजला पुढे कलंडवायला बघतो, म्हणजे पाटीवर मोमेंट येते. आर्चटॉपमध्ये ब्रिज फक्त खाली दाबतो आणि कमान तो दाब कडेपर्यंत वाहून नेते. कमान म्हणजे काय ते सिव्हिलवाल्यांना मी सांगायला नको.

या गिटारचा आवाज कोरडा, टणक आणि लांब जाणारा असतो. १९२० ते १९४० च्या दशकांत अमेरिकेत मोठमोठे डान्स बँड होते. दहा-बारा ट्रम्पेट-सॅक्सोफोन वाजत असताना, माइकशिवाय, गिटारवाल्याला ताल ऐकू जाईल असा धरायचा असायचा. त्यासाठी हे वाद्य.

आता मुद्द्यावर येते. गिटारवर नक्षी कुठे कुठे असते याची मी एकदा वहीत यादी केली. डोक्यावर (हेडस्टॉक), मानेच्या पट्टीवर (फिंगरबोर्ड), कडांच्या पट्ट्यांवर (बाइंडिंग), टेलपीसवर, पिळण्याच्या किल्ल्यांवर, आणि बोटांखाली पाटीपासून थोड्या उंचीवर तरंगणाऱ्या पिकगार्डवर. यादी पूर्ण झाल्यावर दिसलं की यातली एकही जागा आवाज निर्माण करणारी नाही. कंप पावते ती पाटी, आणि ती जवळजवळ कोरी. लग्नात नवरीच्या अंगभर दागिने असतात, पण हाताची बोटं मोकळी ठेवतात ना, घास घेता यावा म्हणून, तसंच हे. पाटीवर शिंपला चिकटवला की वजन वाढतं आणि कंप मरतो.

हे शहाणपण पहिल्या दिवसापासून नव्हतं. आर्चटॉपचा जनक म्हणतात तो ऑर्विल गिब्सन, जन्म १८५६. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कलामाझू नावाच्या गावी (नाव खरंच असं आहे!) तो मॅन्डोलिन आणि गिटार बनवायचा. पाट्या वाकवायच्या नाहीत तर कोरायच्या, ही त्याची कल्पना. १८९८ मध्ये त्याला मॅन्डोलिनचं पेटंट मिळालं आणि १९०२ मध्ये त्याच्या नावाने कंपनी निघाली. त्याच्या सुरुवातीच्या वाद्यांच्या डोक्यावर शिंपल्यातून कापलेली चंद्रकोर आणि चांदणी दिसते. त्या काळातल्या मॅन्डोलिनवर पिकगार्ड सरळ पाटीतच कोरून बसवलेलं असायचं. काही वर्षांतच कंपनीने ते पाटीपासून उचलून वेगळ्या आधारावर बसवलं. सुशोभनाने कंप पावणाऱ्या लाकडावरची जागा सोडली, ती अशी.

याच कंपनीची १९०८ च्या सुमाराची ‘स्टाइल ओ’ गिटार फोटोत जरूर बघा. वरच्या एका खांद्याला शंखासारखं वळलेलं स्क्रोल आहे. ते कोरायला लाकूड किती, वेळ किती आणि कारागीर किती कसलेला लागत असेल! आवाजाला उपयोग मात्र काही दिसत नाही. घराला दिवाणखाना असावा तसं ते आहे. पाहुण्यांसाठी.

मग १९१९ मध्ये कंपनीत लॉइड लोअर नावाचा माणूस आला. तो स्वतः मॅन्डोलिन वाजवायचा आणि डोक्याने पक्का इंजिनिअर. १९२२ मध्ये त्याच्या देखरेखीखाली ‘एल-५’ ही गिटार निघाली. शंख गेला, गोल भोक गेलं, एफ-होल आले. कडांना गडद आणि मध्ये सोनेरी-तपकिरी असा व्हायोलिनचा रंग, ज्याला कंपनी ‘क्रेमोना ब्राउन’ म्हणायची. क्रेमोना हे स्ट्रॅडिव्हेरियसचं इटलीतलं गाव. म्हणजे रंगातूनच गिऱ्हाइकाला सांगायचं की हे कुठल्या घराण्याचं वाद्य आहे. बाकी साज अगदी थोडा. डोक्यावर शिंपल्याची छोटी कुंडीसारखी आकृती (तिला ‘फ्लॉवरपॉट’च म्हणतात) आणि मानेवर साधे गोल ठिपके. लोअर १९२४ च्या शेवटी कंपनी सोडून गेला. मला विचाराल तर सगळ्या आर्चटॉपमध्ये दिसायला सर्वांत सुंदर हीच. पण माझ्या रूममेटला ती ‘सरकारी ऑफिससारखी’ वाटते, आणि वाचकांत तिच्या पक्षाचे जास्त निघतील याची मला कल्पना आहे.

इथे एक खुलासा करते, कारण हे मला स्वतःला नीट समजून घ्यावं लागलं. मानेवरचे ठिपके मुळात नक्षी नाहीत. वाजवणाऱ्याला तिसरा, पाचवा, सातवा, नववा, बारावा पडदा पटकन दिसावा म्हणून त्या खुणा असतात, फूटपट्टीवरच्या रेघांसारख्या. त्यासाठी एक ठिपका पुरतो. पण १९२९ च्या सुमाराला एल-५ वरच्या ठिपक्यांच्या जागी शिंपल्याचे मोठे चौकोन आले. काम तेच, भपका वाढला. आणि इथून पुढे शर्यत लागली.

शर्यतीतला दुसरा गडी न्यूयॉर्कचा. अनास्तासिओस स्ताथोपूलो हा ग्रीक वाद्यकारागीर १९०३ मध्ये स्मर्नाहून अमेरिकेत आला. त्याचा मुलगा एपामिनोंडास, घरचं नाव ‘एपी’. त्यावरून १९२८ मध्ये कंपनीचं नाव झालं ‘एपिफोन’. गिब्सनची वरची श्रेणी ‘मास्टर मॉडेल’ नावाने विकली जायची. १९३१ मध्ये एपिफोनने ‘मास्टरबिल्ट’ नावाची पूर्ण मालिकाच काढली. आपल्याकडे एका वडापावच्या गाडीसमोर दुसरी गाडी ‘ओरिजिनल’ लावून उभी राहते, तसलाच प्रकार. त्यांच्या ‘डिलक्स’ मॉडेलच्या डोक्यावर शिंपल्याची वेल चढत जाते आणि पुढे मानेवर ढगाच्या आकाराच्या खुणा आल्या. गिब्सनची एल-५ होती १६ इंच रुंद, एपिफोनची त्याहून किंचित मोठी. मग गिब्सनने एल-५ १७ इंचांची केली आणि १९३४ मध्ये १८ इंचांची ‘सुपर ४००’ आणली. चारशे का? तर किंमत ४०० डॉलर! बोर्डावर भाव लिहावा तसा भावच नाव म्हणून. एपिफोनने उत्तर म्हणून साडेअठरा इंचांची ‘एम्परर’ काढली. तिकडे बॉस्टनमध्ये स्ट्रॉम्बर्ग बापलेकांनी ‘मास्टर ४००’ थेट १९ इंचांवर नेली. काउंट बेसीच्या बँडमधला फ्रेडी ग्रीन स्ट्रॉम्बर्ग वाजवायचा. १६ ते १९ इंच म्हणजे सुमारे ४०६ ते ४८३ मिलिमीटर. आवाजासाठी आकार वाढवला असं कंपन्या सांगायच्या आणि ते बऱ्याच अंशी खरंही होतं. पण मानेवरचे चौकोन तिरके कापल्याने गिटार मोठी वाजत नाही. ते झालं इभ्रतीसाठी.

सुपर ४०० ही या काळाची महाराणी. मानेवर तिरके दुभंगलेले शिंपल्याचे चौकोन, डोक्यावर दुभंगलेला हिरा, आणि तसाच हिरा डोक्याच्या मागच्या बाजूलाही! मागे कोण बघणार? तर बँडमध्ये मागच्या रांगेत बसलेले. पिकगार्ड कासवाच्या पाठीसारखं ढगाळ तपकिरी. टेलपीस इंग्रजी ‘वाय’च्या आकाराचा, सोन्याचा मुलामा दिलेला, वर मॉडेलचं नाव कोरलेलं.

या सगळ्याला एक व्याकरण आहे. आपण मारुतीच्या गाडीच्या मागे एलएक्सआय लिहिलंय, व्हीएक्सआय की झेडएक्सआय ते बघतो आणि मालकाचं बजेट ओळखतो. गिब्सनचंही तसंच. स्वस्त ‘एल-५०’ ला ठिपके. युद्धानंतरच्या ‘एल-७’ ला समांतरभुज चौकोनांच्या जोड्या. एल-५ ला अखंड चौकोन. सुपर ४०० ला दुभंगलेले. बाइंडिंगचे थरही वरच्या मॉडेलला जास्त, एकाआड एक काळे-पांढरे. सभागृहात शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसालाही वादकाच्या मानेवरून, म्हणजे गिटारच्या, त्याची पत कळायची.

आता माझा सगळ्यात आवडता माणूस. जॉन डँजेलिको, जन्म १९०५, न्यूयॉर्कमधल्या इटालियन कुटुंबातला. नऊ वर्षांचा असताना नात्यातल्या आजोबांच्या वाद्यांच्या दुकानात शिकाऊ म्हणून लागला. १९३२ मध्ये केनमेर स्ट्रीटवर स्वतःचं छोटं दुकान काढलं. हाताखाली एक-दोन माणसं. १९६४ मध्ये वारला तोपर्यंत त्याने बनवलेल्या गिटारची संख्या १,१६४ धरतात. मोठ्या कारखान्याच्या हिशेबात ही काहीच नाही.

सुरुवातीला तो चक्क एल-५ ची नक्कल करायचा. मग १९३६ मध्ये त्याचं ‘न्यूयॉर्कर’ मॉडेल आलं, १८ इंचांचं. डोक्यावर शिंपल्यात कापलेली गगनचुंबी इमारत, एकावर एक मागे सरकत गेलेले मजले. पिकगार्डची कड सरळ किंवा वळणदार नाही, जिन्यासारखी. टेलपीस जिन्यासारखा. किल्ल्यांची बटणंही पायऱ्यापायऱ्यांची. क्रायस्लर बिल्डिंग १९३० मध्ये पूर्ण झाली, एम्पायर स्टेट १९३१ मध्ये. दोन्ही त्याच्याच शहरात, नुकत्या वर आलेल्या.

इथे आर्किटेक्चर आणि सिव्हिलच्या मित्रांसाठी एक गंमत. त्या इमारती पायऱ्यापायऱ्यांच्या का होत्या? निव्वळ हौस म्हणून नाही. १९१६ मध्ये न्यूयॉर्कने झोनिंगचा कायदा केला. इमारत ठराविक उंचीच्या वर गेली की तिने रस्त्यापासून मागे सरकायचं, नाहीतर रस्त्यावर ऊन आणि हवा पोचत नाही. म्हणजे महापालिकेच्या बाय-लॉमुळे इमारतीला पायऱ्या आल्या, पायऱ्यांची फॅशन झाली, आर्ट डेकोने ती उचलली, आणि वीस वर्षांत ती एका इटालियन कारागिराच्या टेलपीसवर येऊन बसली, जिथे ना ऊन अडतं ना हवा. बिल्डिंग बाय-लॉज हा विषय रटाळ आहे असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आर्ट डेको बघायला न्यूयॉर्कला जायची गरज नाही. चर्चगेटला उतरा. १९३८ चं इरॉस थिएटर समोरच आहे. ओव्हलच्या पश्चिमेची रांग आणि मरीन ड्राइव्हच्या गोलाकार बाल्कन्या बघा. कुलाब्याचं रीगल १९३३ चं. या इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली, शेजारच्या गॉथिक इमारतींच्या जोडीने. न्यूयॉर्कर गिटारचा फोटो मोबाइलवर घेऊन इरॉससमोर उभी राहिले होते. पायऱ्या अगदी तशाच! एकाच दशकात दोन शहरांत, एक दगड-काँक्रीटमध्ये आणि एक शिंपल्यात.

डँजेलिकोच्या डोक्याच्या वरच्या टोकाला मात्र वेगळंच काहीतरी आहे. मधोमध कापलेली खाच आणि त्यात बसवलेलं छोटं धातूचं बोंड. हे डेको नाही, जुन्या युरोपियन कपाटांच्या माथ्यावर असतं तसलं आहे. म्हणजे खाली गगनचुंबी इमारत आणि वर आजीचं कपाट. कागदावर वाचलं तर विचित्र वाटतं. बघितलं की शोभतं.

आता या सौंदर्याची दुखरी बाजू. त्यासाठी मटेरियल सायन्सच्या तासाला जावं लागेल.

त्या काळच्या बाइंडिंगच्या पट्ट्या, पिकगार्ड, नकली शिंपला, नकली कासव, हे बहुतेक सगळं सेल्युलॉइडचं. अमेरिकेतल्या जॉन वेस्ली हायटने १८७० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधण्यातून ते आलं. रेसिपी सोपी आहे. कापसाच्या सेल्युलोजवर नायट्रिक ॲसिडची प्रक्रिया करून नायट्रोसेल्युलोज करायचं आणि ते मऊ, लवचिक व्हावं म्हणून त्यात कापूर घालायचा. हो, आपला देव्हाऱ्यातला कापूर! तो इथे प्लास्टिसायझर असतो. याच नायट्रोसेल्युलोजचं लॅकर १९२० च्या दशकापासून मोटारींवर आणि मग गिटारवरही आलं, आणि त्यात रंगकाम झटपट वाळू लागलं.

कापूर डबीत ठेवला तरी हळूहळू उडून जातो हे आपण घरी बघतोच. सेल्युलॉइडमधूनही तो उडतो. पट्टी आक्रसते, सांधे सोडते, चिरा जातात. त्याहून वाईट म्हणजे नायट्रेटचे बंध तुटून नायट्रोजनची ऑक्साइड बाहेर पडतात, हवेतल्या दमटपणाशी मिळून त्यांचं नायट्रिक ॲसिड होतं, आणि ते ॲसिड उरलेल्या बंधांना आणखी वेगाने तोडतं. केमिकलवाले याला ऑटोकॅटॅलिटिक म्हणतील. म्हणजे सडणं स्वतःच स्वतःला चावी देतं. उष्णता आणि दमट हवा असेल तर विचारूच नका. आणि बंद केस ही सर्वांत वाईट जागा, कारण वाफ कोंडते. टेलपीसचा मुलामा खाल्ला जातो, खालचं पितळ हिरवं पडतं. डँजेलिकोच्या कितीतरी गिटारची पिकगार्ड अशीच भुगा झाली.

हे मी नुसतं वाचून लिहीत नाहीये. आमच्या मुंबईच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक गोवन अंकल राहतात, वय ८१. तरुणपणी हॉटेलच्या बँडमध्ये आणि नंतर लग्नांच्या बँडमध्ये वाजवायचे. त्यांच्याकडे एक एफ-होलची गिटार आहे, डोक्यावर कुठलंही नाव नसलेली. गेल्या मे महिन्यात त्यांनी केस उघडून दाखवली तेव्हा आधी कापराचा आणि त्यामागून नाकाला झोंबणारा आंबट वास आला. पिकगार्डचे खडीसाखरेसारखे तुकडे पडायला लागले होते. त्याच्या जवळची तार गंजलेली, लांबची बरी. टेलपीसवर हिरवी बुकणी. मी म्हटलं, "अंकल, हे पिकगार्ड आजच काढायला हवं, बाइंडिंगचंही बघावं लागेल." दुरुस्तीवाल्याने आधीच सांगितलेलं होतं की सगळ्या पट्ट्या उखडून नवीन एबीएस प्लास्टिकच्या घालू, गिटार नव्यासारखी दिसेल.

अंकल म्हणाले, "बाय, पिकगार्ड ने. पण मानेची पट्टी नको काढूस." मी मान हातात घेऊन बघितली. पाचव्या पडद्यापाशी पट्टीची कड झिजून गोल झालेली, पन्नास-साठ वर्षं डावा हात तिथून सरकल्यामुळे. बाकी कड टोकदार. पुस्तकी उत्तर सरळ आहे: जे सडतंय ते काढा, लाकूड आणि धातू वाचवा. पण ती झीज प्लास्टिकमध्ये आहे, लाकडात नाही. पट्टी काढली की ती गेली. शेवटी पिकगार्ड काढून कागदी पाकिटात घालून गिटारपासून दूर, हवेशीर माळ्यावर ठेवलं. (प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नाही, आणि गॅसजवळ तर नाहीच, कारण हे पेटतं.) केस बंद ठेवायची नाही, गिटार भिंतीला टांगायची, असं ठरलं. मानेची पट्टी सध्या आहे तशी आहे. पिवळी पडली आहे, पण चिरलेली नाही. दर सुट्टीत जाऊन मी वास घेऊन बघते. ती आंबायला लागली तर काय करायचं, यावर आमचं एकमत झालेलं नाही.

पेटण्यावरून आठवलं. जुन्या सिनेमाची फिल्मही नायट्रेटचीच असायची. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात एफटीआयआयच्या आवारातल्या साठ्याला आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिल्म जळून गेल्या, त्यात प्रभातच्या चित्रपटांचाही ठेवा होता. आणि मिरजेच्या तंबोऱ्यांवर ज्या पांढऱ्या नक्षीच्या पट्ट्या असतात, तिथेही पूर्वी हस्तिदंत होता आणि पुढे सेल्युलॉइड-प्लास्टिक आलं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. घरी कुणाचा जुना तंबोरा गवसणीत बांधून ठेवला असेल तर एकदा उघडून वास घ्या.

नक्षीवरून वय ओळखण्याबद्दल थोडक्यात सांगते. गिब्सनच्या डोक्यावर जुन्या काळी तिरक्या अक्षरात ‘द गिब्सन’ असायचं. १९३० च्या दशकात ‘द’ गळलं. १९४७ च्या सुमारास तिरकी अक्षरं जाऊन ठोकळ्याची आली. फिकट, न रंगवलेल्या लाकडाची एल-५ किंवा सुपर ४०० दिसली तर ती १९३९ किंवा नंतरची असण्याची शक्यता जास्त. खांद्याला कापलेली खाच, म्हणजे कटअवे, तीही १९३९ पासूनच. पण कारखान्यात जुने सुटे भाग शिल्लक राहिले की ते नव्या गिटारला लागायचे, त्यामुळे एकाच खुणेवर विसंबायचं नाही. तीन-चार खुणा जुळल्या तर बोलावं.

मग वीज आली. १९३६ मध्ये गिब्सनने ‘ईएस-१५०’ ही इलेक्ट्रिक आर्चटॉप काढली आणि चार्ली क्रिश्चनने ती गाजवली. १९५१ मध्ये एल-५ आणि सुपर ४०० यांचीही इलेक्ट्रिक रूपं आली. पाटीत भोकं पाडून पिकअप बसवले. आता आवाज ॲम्प्लिफायर करणार, म्हणजे पाटीवर काही लावू नये हा जुना नियम सैल झाला. याचा पुरावा मला वेस मॉन्टगोमेरीच्या एल-५ वर सापडतो. त्याच्या एका गिटारच्या पाटीवर, कटअवेजवळ, शिंपल्याचं बदामाच्या आकाराचं हृदय बसवलेलं आहे आणि त्यावर त्याचं नाव. लोअरच्या काळात पाटीवर असं काही ठोकायची कुणाची हिंमत झाली नसती!

उलट्या दिशेने गेला तो जेम्स डॅक्विस्टो. १९५२ मध्ये तो डँजेलिकोच्या हाताखाली शिकायला लागला आणि गुरू गेल्यावर त्याने दुकानातल्या अर्धवट गिटार पूर्ण केल्या. सुरुवातीला त्याच्याही गिटार गुरूसारख्याच, पायऱ्या, शिंपले, सोनं. मग एकेक दागिना उतरत गेला. एफ-होलच्या मधल्या खाचा गेल्या आणि ते लांब ‘एस’ झाले. धातूच्या टेलपीसच्या जागी एबनीचा, म्हणजे काळ्या लाकडाचा, हलका टेलपीस आला. शेवटच्या ‘सोलो’, ‘अवाँगार्द’ या गिटारवर शिंपला जवळपास नाहीच. जो घाट आहे तो लाकडाच्या कडेचा आणि डोक्यात कापलेल्या मोकळ्या जागेचा. १९९० च्या दशकात स्कॉट चिनरी या संग्राहकासाठी त्याने एक आर्चटॉप गडद निळ्या रंगात बनवली. ती बघून चिनरीने इतर कारागिरांकडूनही निळ्या आर्चटॉप करून घेतल्या आणि १९९७ मध्ये त्यांचं स्मिथसोनियनमध्ये प्रदर्शन भरलं. डॅक्विस्टो ते बघायला नव्हता. तो १९९५ मध्ये गेला, वयाच्या ५९ व्या वर्षी. गुरूही ५९ व्या वर्षीच गेला होता.

बाजारात मात्र आजही पायऱ्यांचीच चलती आहे. डँजेलिकोच्या नावाने आता कारखान्यात बनणाऱ्या गिटारवरही ती इमारत आणि तो जिना असतोच.

एक सुपर ४०० भारतीय संगीतातही पोचली, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ब्रिजभूषण काब्रा यांनी ती घेतली, तारा पडद्यांपासून उंच उचलल्या, एक जादा तार चढवली आणि आडवी ठेवून त्यावर राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ऐका, त्यात गिटार काब्रांची आहे. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा हीसुद्धा मुळात आर्चटॉपच. ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी सबमिशन संपल्यावर लेडीज हॉस्टेलच्या गेटवर निरोप ठेवा, माझ्याकडे दोन्ही आहेत, आणि स्पीकर रूममेटचा चांगला आहे.